कुत्रा घरी, तुम्ही कामावर: सलग तासांचा हिशेब

काम ८ तासांचं, मधली सुट्टी १ तासाची, जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. म्हणजे घराचं दार बंद झाल्यापासून परत उघडेपर्यंत साडेदहा तास. वाटेत काही घ्यायला थांबलात, कुणी भेटलं, की ११. कुत्रा पाळायचं मनात घेतलेले बहुतेक लोक ‘आठच तासांचा तर प्रश्न आहे’ असं धरून चालतात, आणि पहिली चूक तिथेच होते. म्हणून आधी, कुत्रा घरात नसतानाच, एक काम करा. दोन आठवडे रोज शेवटचा माणूस किती वाजता बाहेर पडला आणि पहिला माणूस किती वाजता परतला ते एका कागदावर लिहून ठेवा. सरासरी काढू नका. सगळ्यात मोठा आकडा घ्या.

कुत्र्याला जड जातं ते सलग एकटेपण. दिवसभरात १० तास घर रिकामं असलं, पण मध्ये कुणीतरी येऊन त्याला बाहेर फिरवून गेलं, तर त्याच १० तासांचे ५ आणि ५ होतात, आणि ते वयाने मोठ्या, निरोगी, शिकवलेल्या कुत्र्याला जमतात. सलग १० जमत नाहीत, फक्त जमल्यासारखे दिसतात. संध्याकाळी घर जागच्या जागी असतं, फरशी कोरडी असते आणि कुत्रा शेपटी हलवत दारात उभा असतो. पण १० तास लघवी दाबून धरलेला कुत्राही अगदी असाच उभा राहतो.

कुणाला किती तास

मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण १२ ते १४ तास झोपतो, आणि त्याची खरी धावपळ सकाळी आणि संध्याकाळी असते. दुपारी घर शांत असेल तर तो आपणहून पडून राहतो. नोकरी करणाऱ्याला निसर्गाने दिलेली ही एकच सवलत, बाकी सगळं आपल्याला जमवावं लागतं. अशा कुत्र्याला सलग ४ तास आरामात जातात. ६ तासही चालून जातात. ८ तास ही कधीतरी अडल्यानडल्याची शेवटची हद्द झाली, ती रोजची सवय होऊ देऊ नये.

पिल्लाचं गणित वेगळं. वय जितके महिने, त्यात एक मिळवा. तितके तास ते लघवी धरू शकतं, असा ढोबळ ठोकताळा आहे. २ महिन्यांचं पिल्लू फार तर ३ तास, ४ महिन्यांचं फार तर ५. पण हा हिशेब मूत्राशयाचा आहे, मनाचा नाही, आणि जागं असताना, खेळताना, खाल्ल्यावर तो आणखी आखडतो. शिवाय ३ ते साधारण १४ आठवडे या वयात पिल्लू जग ओळखायला शिकतं: माणसं, आवाज, दुसरी कुत्री, गाड्या, जिने. हे दिवस एका खोलीत एकटं काढलेलं पिल्लू पुढे भित्रं किंवा चिडकं होण्याची शक्यता वाढते. म्हणून २ महिन्यांचं पिल्लू आणि १० तास रिकामं घर हे गणित सुटत नाही. घरात दिवसा कुणी नसेल आणि निदान पहिले ४ महिने कुणाला पैसे देऊन किंवा आळीपाळीने बसवता येत नसेल, तर पिल्लू आणू नये.

म्हाताऱ्या कुत्र्यांचेही तास पुन्हा कमी होत जातात. मूत्रपिंड दमलेलं असतं, सांधे दुखत असतात, काहींना संध्याकाळकडे गोंधळल्यासारखं होतं. ५ वर्षांचा असताना ६ तास राहणारा कुत्रा ११ व्या वर्षी ४ तासांत फरशी ओली करू लागला, तर ती खोडी नसते. पशुवैद्याकडे लघवी आणि रक्त तपासून घ्या.

कोणता कुत्रा आणावा

आमचं मत स्पष्ट आहे: पूर्ण वेळ बाहेर काम करणाऱ्याने २ ते ६ वर्षांचा, स्वभाव कळलेला मोठा कुत्रा दत्तक घ्यावा. पिल्लाचा स्वभाव ही बंद मूठ असते. मोठ्या कुत्र्याबद्दल विचारता येतं, फक्त प्रश्न नेमके हवेत. ‘स्वभाव कसा आहे?’ विचारलंत तर ‘फार गोड आहे’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी विचारा: तो आधी एखाद्या घरात राहिला आहे का? तिथे एकटा किती वेळ असायचा? एकटा असताना दार ओरबाडलं, भुंकला, लाळ गाळली असं कधी झालं का? सध्या सांभाळणारा माणूस १ तास बाहेर जाऊन मोबाइलवर चित्रण करून देईल का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा माणूस आणि ते ५ मिनिटांचं चित्रण कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं.

जातीचा विचार करताना दिसण्यापेक्षा ती कशासाठी पैदास केली गेली ते बघा. बॉर्डर कोली, मालिन्वा, हस्की ही दिवसभर राबण्यासाठी घडवलेली कुत्री. रिकाम्या घरात ती आपलं काम आपण शोधतात, आणि ते काम तुमच्या सोफ्यावर होतं. उलट ग्रेहाउंड वेगासाठी प्रसिद्ध असला तरी घरात पक्का लोळणारा. संकर कुत्र्यांमध्ये तर त्या एका कुत्र्याचा स्वभाव हाच पुरावा.

पहिले १५ दिवस

कुत्रा आणाल तेव्हा निदान २ आठवड्यांची रजा घ्या. मात्र ती त्याला चिकटून बसण्यासाठी नाही. खरं घोडं इथेच पेंड खातं. लोक १५ दिवस रात्रंदिवस सोबत राहतात, बाथरूमपर्यंत मागे येऊ देतात, आणि सोळाव्या दिवशी सकाळी सलग १० तास निघून जातात. कुत्र्याच्या दृष्टीने जग एका सकाळीत नाहीसं होतं. रजा घ्यायची ती एकटं राहणं शिकवण्यासाठी.

पहिले २ दिवस फक्त रुळू द्या. एक जागा त्याची ठरवा: दारापासून जरा दूर, येण्याजाण्याच्या वाटेत नसलेली, जिथून घर दिसतं पण रस्ता दिसत नाही अशी. रस्ता दिसणारी खिडकी म्हणजे करमणूक, असा एक समज आहे. पुष्कळ कुत्र्यांना ती पहाऱ्याची चौकी होते आणि ती दिवसभर भुंकतात.

तिसऱ्या दिवसापासून पायऱ्या सुरू करा.

१. चाहुलींचा अर्थ पुसून टाका. चप्पल, किल्ली, पिशवी या तीन गोष्टी कुत्र्याला २ दिवसांत पाठ होतात. दिवसातून ८-१० वेळा किल्ली उचला आणि सोफ्यावर बसा. बूट घालून चहा प्या. किल्लीच्या आवाजाला त्याने मान वर करणं सोडलं की पुढे जा.

२. घरातल्या घरात आड व्हा. तो जागेवर असताना दुसऱ्या खोलीत जाऊन दार १० सेकंद लोटून घ्या आणि परत या. बोलणं, चुचकारणं काही नको.

३. मुख्य दार. बाहेर पडा, दार लावा, ५ सेकंदांनी आत या. मग २० सेकंद, मग १०, मग ४०, मग १५, मग १ मिनिट. वेळ चढत्या क्रमाने वाढवू नका. मध्येच सोपी फेरी टाका. दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ गेला तर ‘हा प्रकार वाढतच जाणार’ हेच कुत्रा शिकतो. एका बैठकीला १० ते १५ मिनिटं, दिवसातून १ किंवा २ वेळा, एवढं पुरे.

४. कुलूप, जिना, लिफ्ट किंवा गाडीचा आवाज हेही धड्यात आणा. दाराबाहेर उभं राहून १० मिनिटं काढणं वेगळं आणि तुमची पावलं खाली उतरताना ऐकणं वेगळं.

या सगळ्याला नियम एकच: तो अस्वस्थ होण्याआधी परत या. रडायला लागल्यावर परत आलात तर धडा फुकट गेला. पुढच्या वेळी वेळ निम्म्यावर आणा. सर्वांत जास्त दिवस पहिल्या ३०-४० मिनिटांपर्यंत पोचायला लागतात. ती ओलांडली की १५-२० मिनिटांच्या उड्या मारता येतात, आणि दीड तास निवांत राहणारा कुत्रा बहुधा ३-४ तासही राहतो. ‘बहुधा’ आहे म्हणून पुढचा कॅमेरा लागतो.

रजा संपली आणि कुत्रा अजून २० मिनिटांवरच असेल, तर? तर उरलेले तास माणसं लावून भरायचे. त्याला थेट ८ तासांत लोटलंत तर आधीचे १५ दिवस पाण्यात जातात.

कॅमेऱ्यात काय बघायचं

खास कॅमेरा नसला तरी जुना मोबाइल पुस्तकांना टेकवून ठेवला तरी चालतो. मुख्य दार आणि त्याची झोपायची जागा एकाच चौकटीत आली पाहिजेत. पूर्ण दिवसाचं चित्रण बघत बसू नका. पहिली ४० मिनिटं नीट बघा, कारण एकटेपणाची खरी भीती बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच उघडी पडते.

ठीक असलेला कुत्रा असा दिसतो: दार लागल्यावर मिनिट-दोन मिनिटं तिथेच उभा, कान पुढे. मग पाणी पितो, घरात एक फेरी मारतो, खेळण्यात भरून ठेवलेला खाऊ चाटून संपवतो, जागेवर गोल फिरून बसतो, एक लांब सुस्कारा सोडतो आणि हनुवटी पंजांवर टेकवतो. १५-२० मिनिटांत आडवा.

घाबरलेला कुत्रा दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा येरझारा घालतो. उकाडा नसताना धापा टाकतो. सारखी जांभई देतो, ओठ चाटतो. दाराची चौकट किंवा उंबरा नखांनी, दातांनी खरवडतो. छातीवर लाळेचा ओला पट्टा दिसतो. आणि एक खूण सहसा चुकत नाही: आवडता खाऊ शिवलेलाही नसतो, तुम्ही आत पाऊल टाकताच मात्र धावत जाऊन तोच खाऊ खातो.

कंटाळलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी. पहिले २-३ तास तो झोपतो, मग उठून चप्पल, उशी, कचऱ्याचा डबा असं काहीतरी शोधतो. खाऊ त्याने आधीच फस्त केलेला असतो. त्याला सकाळी जास्त फिरवून, मधल्या वेळी भेट देऊन प्रश्न सुटतो. घाबरलेल्याला कितीही पळवलं तरी तो दमलेला आणि घाबरलेला असा दोन्ही होतो. ही दोन दुखणी एकच समजून उपाय करणं, हे बहुतेक फसलेल्या प्रयत्नांमागचं कारण.

निघण्याआधीचे पावणेदोन तास

समजा दार ८.३० ला बंद करायचं आहे. ६.४५ ला उठल्या उठल्या थेट बाहेर. ४० मिनिटांचं फिरणं, पण त्यातला निम्मा वेळ पट्टा सैल सोडून त्याला हुंगू द्या. एका खांबापाशी ३ मिनिटं उभं राहायला आपल्याला कंटाळा येतो, पण कुत्र्याचं डोकं तिथेच दमतं. घाईघाईत ओढत नेलेले ३ किलोमीटर शरीर हलवतात, मन तसंच उपाशी ठेवतात. निघण्याआधी चेंडू फेकत राहणं तर टाळाच. कुत्रा उत्तेजित होतो, आणि ती नशा उतरण्याच्या आत तुम्ही निघून जाता.

७.३० ला घरी. पाणी, १५-२० मिनिटं विसावा, मग खाणं. धावून आल्या आल्या भरपेट जेवण देऊ नका, आणि जेवणावर पळवूही नका. विशेषतः खोल छातीच्या, मोठ्या चणीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून त्याला पीळ बसू शकतो. पोट टम्म, तोंडातून फेस किंवा लाळ, ओकारीचा प्रयत्न पण बाहेर काहीच नाही: अशा वेळी मिनिटंही वाया न घालवता दवाखाना गाठायचा. घर रिकामं असताना हे घडलं तर कळणारच नाही, म्हणून सकाळी घाईत ताट संपवायला लावण्यापेक्षा थोडं कमी देऊन उरलेलं खेळण्यात भरणं शहाणपणाचं.

८.१० ला पुन्हा ५ मिनिटं बाहेर, शांतपणे. खाल्ल्यावर १५ ते ३० मिनिटांत पुष्कळ कुत्र्यांना शी लागते. ही फेरी चुकवलीत की ती शी ९ वाजता पायपुसण्यावर सापडते. ८.२५ ला भरलेलं खेळणं त्याच्या जागेवर ठेवा आणि निघा. निरोपाचा सोहळा नको. एक ठरलेला शब्द, रोज तोच, पुरे.

खेळणं भरण्याची रीत

आतून पोकळ, जाड रबराचं खेळणं घ्या, आणि त्याला दोन्ही टोकांना भोक असलंच पाहिजे. एकाच भोकाच्या खेळण्यात चाटता चाटता हवा निघून जीभ अडकू शकते. आकार असा हवा की ते त्याच्या मागच्या दाढांपर्यंत पूर्ण आत जाणार नाही. शंका असेल तर एक माप मोठं.

भरायला वेगळं अन्न लागत नाही. सकाळच्या कोरड्या दाण्यांतला एक तृतीयांश भाग काढून घ्या, तेवढंच कोमट पाणी घाला, २० मिनिटं भिजू द्या. चमच्याने ठेचून त्यात एक मोठा चमचा साधं, बिनसाखरेचं दही किंवा मीठ-मसाला न घालता उकडलेला लाल भोपळा मिसळा. लहान भोक एका दाण्याने बुजवा, मिश्रण मोठ्या भोकातून भरा, वरून बोटाने सारखं करा. पहिले ३-४ दिवस ते न गोठवता, सैल भरून द्या. ५ मिनिटांत संपू दे. नंतर घट्ट भरा. मग फ्रीझरमध्ये २ तास, आणि शेवटी रात्रभर. पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवलेलं हातात दिलंत तर नवा कुत्रा दोनदा चाटून सोडून देतो आणि लोक म्हणतात, ‘आमच्याकडे हे चालत नाही’. सवय झाली की एक खेळणं २० ते ४० मिनिटं पुरतं, म्हणजे नेमका तो अवघड पहिला अर्धा तास भरून निघतो. उभं गोठवायला खेळणं पेल्यात ठेवा, सांडत नाही. रोज संध्याकाळी बाटली धुण्याच्या ब्रशने आतून घासा. आत राहिलेलं अन्न दुसऱ्या दिवशी आंबतं.

हे अन्न दिवसाच्या हिशेबातून वजा करायचं. वरखाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांवर गेला की काही महिन्यांत बरगड्या हाताला लागेनाशा होतात. शेंगदाण्याचं लोणी वापरत असाल तर डब्यावरचे घटक वाचा: झायलिटॉल हा गोडवा कुत्र्याला विष आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, मॅकाडेमिया हेही नको. चामड्याच्या चघळकांड्या, दोरीची खेळणी तुमच्या डोळ्यांसमोर ठीक. रिकाम्या घरात घशात अडकलेला तुकडा काढायला कुणी नसतं.

घर

एकदा गुडघ्यांवर बसून घरभर फिरा. उभ्याने न दिसणाऱ्या वायरी, सोफ्याखाली पडलेली गोळी, उघडा कचऱ्याचा डबा सगळं त्या उंचीवरून दिसतं. माणसांची दुखण्यावरची औषधं, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, पिशवीत ठेवून पिशवी जमिनीवर टाकायची सवय मोडा. वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण कुत्रा त्यात डोकं घालतो, श्वासाबरोबर पिशवी तोंडाला चिकटते आणि काही मिनिटांत गुदमरतो. कचरा झाकणाच्या, खटका असलेल्या डब्यात, तोही कपाटात.

गॅलरीत सोडून जायचं नाही, जाळी असली तरी. ऊन, आवाज आणि खालून जाणारी प्रत्येक वस्तू, सगळंच त्याच्या अंगावर येतं.

पिंजरा वापरायचा असेल तर तो आधी आठवडाभर दार उघडं ठेवून आवडीची गुहा झाला पाहिजे. उभं राहता, वळता, पाय ताणून झोपता येईल एवढा मोठा. आत ठेवताना गळपट्टा काढा. बिल्ला जाळीत अडकून फास बसतो. मोठ्या कुत्र्याला दिवसा सलग ४ तासांवर पिंजऱ्यात ठेवू नये. आणि एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याला मुळीच कोंडू नका, ती कुत्री गजांवर दात आणि नखं मोडून घेतात. त्यांना दार लावलेली, रिकामी केलेली खोली बरी.

पाण्याचा अंदाज: वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलीटर. २० किलोच्या कुत्र्याला १ ते १.२ लीटर. जड बुडाची २ भांडी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक सांडलं तर दुसरं असतं. ‘लघवी लागू नये म्हणून’ पाणी काढून ठेवणं हा क्रूर आणि निरुपयोगी उपाय आहे.

उकाड्याच्या दिवसांत फक्त पंख्यावर विसंबू नका. आपल्याला पंख्याने गार वाटतं कारण घाम वाळतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गादीतून. तो धापा टाकून गार होतो. त्याचं शरीर मुळात ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. उन्हाच्या बाजूचे पडदे सकाळीच ओढा, गार फरशीवर जाता येईल असं दार उघडं ठेवा. वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर खोली बंद करून गेलात आणि वीज गेली, तर तीच खोली भट्टी होते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत हा धोका कितीतरी पट.

संगीत लावावं का? २००२ साली डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर हे पाहिलं: अभिजात संगीत चालू असताना ती जास्त वेळ पडून राहिली, हेवी मेटलने जास्त भुंकली, माणसांच्या बोलण्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा बातम्या लावून जाण्यात अर्थ नाही. हलकं संगीत लावा, जिन्यातले आवाजही झाकले जातात. पण तुम्ही घरी असतानाही ते लावत जा, नाहीतर तेच ‘आता हे निघाले’ची घंटा होऊन बसतं.

मधला माणूस

सलग तास तोडणारा हा माणूस म्हणजे सगळ्या योजनेचा कणा. शेजारचं निवृत्त जोडपं, कुत्रे फिरवणारा व्यावसायिक, जेवणाच्या सुट्टीत येऊ शकणारं घरातलं कुणी, कुणीही चालेल. फक्त वेळ दिवसाच्या मधोमध हवी. ८.३० ते ६.३० घर रिकामं असेल तर भेट दीडच्या सुमारास. ११ ला येऊन गेलेल्याचा उपयोग नाही, मागे साडेसात तास उरतात.

३० मिनिटांच्या भेटीत पहिली २ मिनिटं शांत भेटगाठ, पट्टा. १८ ते २० मिनिटं बाहेर. घरी येऊन पाणी बदलणं, पंजे पुसणं. शेवटची ५ मिनिटं काहीही न करता त्याच्याजवळ बसणं. ही शेवटची ५ मिनिटं सगळे गाळतात. मग खेळून तापलेला कुत्रा एकदम एकटा पडतो आणि भेटीनंतरच भुंकायला लागतो.

नव्या माणसाला किल्ली देण्याआधी निदान ३ फेऱ्या तुमच्यासमोर होऊ द्या. तो पट्टा कसा धरतो, दार उघडताना कुत्र्याला आधी आवरतो की नाही, फिरताना मोबाइल बघतो का, यावरून सगळं कळतं. कुत्री बऱ्याचदा निसटतात ती दारातच, म्हणून नियम लिहून द्या: आत शिरून दार लावल्याशिवाय पट्टा काढायचा किंवा घालायचा नाही. त्याच कागदावर पशुवैद्याचा नंबर, रात्री उघडा असणारा दवाखाना, कुत्र्याचं वजन, औषधं, काय खायला द्यायचं नाही, आणि तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेईल त्याचा नंबर.

पाळणाघर आठवड्यातून १-२ दिवस चांगलं. पाचही दिवस १५-२० कुत्र्यांत घालवणं बहुतेकांना झेपत नाही. संध्याकाळी जो ‘दमून झोपला’ दिसतो तो कधी कधी नुसता त्रासलेला असतो. निवडताना विचारा: एका माणसामागे कुत्री किती, लहान-मोठी वेगळी ठेवता का, दुपारी झोपेची सक्तीची वेळ आहे का, लसींचे कागद मागता का. कागद न मागणाऱ्या ठिकाणी ठेवू नका.

घरात केलं तर

ओरडू नका. कुत्रा ३ तासांपूर्वीच्या शूचा आणि आत्ताच्या ओरडण्याचा संबंध जोडत नाही. ‘पण त्याला कळतं, बघा कसा खाली मान घालतो’ हा युक्तिवाद अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली तपासला. अपराधी चेहरा मालक रागावल्यावर दिसला, कुत्र्याने खरोखर काही केलेलं असो वा नसो. ती मान आपल्या आवाजाला घातलेली असते.

आधी टिपकागदाने दाबून शोषून घ्या, मग लघवीचा वास मोडणारं एन्झाइमचं द्रावण ओतून बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ राहू द्या, लगेच पुसू नका. अमोनियाचा वास असलेली साफसफाईची रसायनं टाळा, त्याला तो लघवीचाच वास वाटतो आणि जागा पक्की होते. शूसाठी घरात गादीकागद पसरायचे असतील तर एक ध्यानात ठेवा: पिल्लू पायाखालचा पोत शिकतं. मऊ कागद शिकलेल्याला मऊ गालिचाही तोच वाटतो.

परत आल्यावर

पहिली ५ मिनिटं त्याची. पिशवी ठेवायची, पट्टा उचलायचा, बाहेर. भेटीत शांतपणे दोन शब्द बोललात, पाठीवर हात फिरवलात तर काही बिघडत नाही. पूर्वी ‘१० मिनिटं बघूसुद्धा नका’ असं सांगत, तेवढं कठोर व्हायची गरज नाही. संध्याकाळी ४५ मिनिटं ते १ तास फिरणं, आणि नंतर ५-५ मिनिटांचे दोन धडे: बस, थांब, सोड, चटईवर जा. डोक्याला काम मिळालेला कुत्रा रात्री लवकर मिटतो.

सुट्टीच्या दिवशीही एकदा दीड-दोन तास त्याला एकटं ठेवून बाहेर जा. शनिवार-रविवार अखंड सोबत केलीत की सोमवारची सकाळ दर वेळी नवी दुर्घटना होते.

जमत नसेल तेव्हा

पायऱ्या नीट करूनही ३-४ आठवड्यांत कॅमेऱ्यात तीच लाळ, त्याच येरझारा दिसत असतील, तर हे दुखणं आहे, हट्ट नाही. चित्रण घेऊन पशुवैद्याकडे जा. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन अशी औषधं कुत्र्यांच्या या भीतीवर दिली जातात. परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि शिकवण्याबरोबर दिली तरच ती कामाची. मात्रा वैद्यच ठरवणार, स्वतःची गोळी अर्धी करून द्यायची नाही. या काळात त्याला एकटं सोडणं शक्य तितकं बंद ठेवावं लागतं: घरून काम, नातेवाईक, पाळणाघर, जे जमेल ते.

सोबतीला दुसरा कुत्रा आणणं म्हणजे बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पहिल्याला माणूस हवा असतो, कुत्रा नव्हे. मग एक रडतो आणि दुसरा त्याच्याकडून रडायला शिकतो.

शेवटी उरतो तो दिवस, ज्या दिवशी तुम्ही अडकता: बैठक लांबते, गाडी बंद पडते, मधला माणूस आजारी पडतो. त्यासाठी दोन वेगळ्या माणसांकडे घराची किल्ली असू द्या, दोघांनाही कुत्रा ओळखत असू दे, आणि दोघांनीही निदान महिन्यातून एकदा त्याला फिरवलेलं असू दे. कोणाला किती वाजता फोन करायचा ते आधीच ठरवून ठेवा: साडेपाचला निघता येणार नाही असं पाचला दिसलं, तर फोन पाचलाच.